वाड्यावरचा नरकासुर: अर्जापासून राखेपर्यंत

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. महाराष्ट्रात दिवाळीला मुलं किल्ला करतात, आमच्याकडे नरकासुर करतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर, म्हणजे गावातल्या प्रत्येक वस्तीवर, गवत-कागदाचा राक्षस उभा राहतो, रात्रभर मिरवतो आणि पहाट फुटायच्या आत कृष्णाच्या हातून जळतो. त्यानंतर घरोघरी अभ्यंगस्नान, पायाखाली फोडायचं कारीट हे कडू रानफळ आणि फोव, म्हणजे पोहे. २०२५ साली हे सगळं जोडून आलेल्या सुट्टीत बसलं. शनिवारी १८ ऑक्टोबरला धनत्रयोदशी, रविवारची रात्र नरकासुराची आणि सोमवारी २० तारखेला दिवाळी. पणजी-वास्कोला नोकरी करणारी आमची माणसं शुक्रवारी संध्याकाळीच पिशव्या घेऊन गावी पोचली होती.

आमचा वाडा डिचोली तालुक्यात आहे, तीसेक घरांचा. गेली काही वर्षं इथे नरकासुर होत नव्हता. करणारे मुलगे मोठे झाले. कोणी बोटीवर गेला, कोणी आखातात, कोणी पुण्याला. उरलेले रात्री गाड्या काढून फोंड्याला, म्हापशाला, नाहीतर थेट मडगावला मोठमोठे नरकासुर बघायला जायचे आणि उजाडताना परतून झोपायचे. ज्या वेळी घरात उटण्याची वाटी फिरायला हवी त्या वेळी अर्धं घर अंथरुणात. म्हाताऱ्या माणसांना याचं फार वाईट वाटायचं आणि मलाही.

औंदा वाड्यावर नरकासुर झाला आणि कागदोपत्री जबाबदारी माझ्या नावावर होती. अर्ज कोणाकडे द्यायचा, खर्च किती येतो, आग कशी सांभाळायची, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. विचारायला गेले की प्रत्येक जण एकेक तुकडा सांगायचा. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. ज्यांच्या वाड्यावरची परंपरा मध्येच थांबली आहे त्यांना उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

सुरुवात कोजागरीला झाली, सोमवारी ६ ऑक्टोबरला. देवळासमोर दूध आटत होतं आणि आठवी ते दहावीतल्या मुलांचा घोळका माझ्याकडे आला. त्यात मुलीही होत्या. "काकी, औंदा आमी नरकासूर करतले." त्यांचं ठरलेलंच होतं. अडलं होतं ते एका गोष्टीवर. घरोघरी त्यांना एकच उत्तर मिळालं होतं, कोणी मोठं माणूस नाव देत असेल तर करा. नाव द्यायला कोणी तयार नव्हतं आणि त्यात कोणाचा दोष नाही. आग, वीज, रस्ता, अल्पवयीन मुलं; काही झालं तर सही करणाऱ्याला बोलावतात. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मुलांना हो म्हटलं, पण तीन अटी घातल्या. ध्वनिक्षेपक नाही. साडेपाचच्या आत जाळायचा. आणि राख, तारा, खिळे त्याच दिवशी गोळा करायचे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

पहिल्या अटीवर मुलं नाराज झाली. शेजारच्या वाड्यावर दरवर्षी भिंती हादरतील असं संगीत असतं, आपल्याकडे काहीच नाही तर कोण बघायला येणार? तोडगा शेजारच्या भाऊंनी काढला. भाऊंनी तरुणपणी कितीतरी नरकासुर केलेले. ते म्हणाले, "चवथीची घुमटं घरात पडून आहेत, ती काढा." चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि घुमट म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणून केलेलं वाद्य. घुमट, शामेळ हा ढोल, कांसाळं म्हणजे झांजा, सगळं वाड्यावर होतंच. चवथीला आरत्या म्हणणारी मुलं हीच, त्यामुळे हात बसलेले. घुमट हे २०१९ पासून गोव्याचं अधिकृत वारसा वाद्य आहे. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. आमची दोन घुमटं अशीच नव्याने मढवलेली होती.

पैशांचं तेव्हाच ठरवून टाकलं. ज्याला जमेल त्याने दोनशे द्यावे, कोणाच्या दारात दुसऱ्यांदा जायचं नाही. वही दहावीतल्या एका मुलीकडे दिली. तिने डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च लिहिला, प्रत्येक पावती टाचणीने लावली. लहान रकमेलाही वही ठेवा. पैशाचा हिशोब उघडा असला की मोठी माणसं पुढच्या कामाला आपणहून हात लावतात, हे मी या पंधरवड्यात पाहिलं.

बुधवारी ८ ऑक्टोबरला पंचायतीत गेले. अर्ज साध्या कागदावर, मराठीत. आमच्याकडे राजभाषा कोकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार सरकारी कामात मराठीही चालते, त्यामुळे अर्ज मराठीत द्यायला संकोच करू नका. त्यात काय लिहायचं ते सांगते. कार्यक्रमाची तारीख आणि वेळ, नरकासुराची उंची, मिरवणुकीची वाट, कुठून कुठे, जाळण्याची जागा आणि ती कोणाच्या मालकीची, ध्वनिक्षेपक लावणार की नाही, जबाबदार दोन व्यक्तींची नावं आणि मोबाइल क्रमांक. दुसरं नाव भाऊंनी दिलं. सोबत दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती आणि जागामालकाचं संमतीपत्र जोडलं. आम्ही जाळायला निवडलेलं खळं एका काकूंचं आहे. त्यांनी सही करताना मला विचारलं, "पुढच्या कापणीला खळं स्वच्छ मिळेल ना?" मी शब्द दिला.

सचिव त्या दिवशी नव्हते. त्यांच्याकडे आणखी एका पंचायतीचा भार असल्याने ते ठरावीक वारीच इथे बसतात. कारकुनाने अर्ज ठेवून जा म्हटलं. इथे एक काळजी घ्या. अर्ज नुसता ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी मला पहिला प्रश्न तोच विचारला गेला, पंचायतीत दिलात का, आणि ती शिक्क्याची प्रत दाखवली की बोलणं पुढे सरकायचं. पत्र मात्र लगेच मिळालं नाही. सरपंच बाहेर, मग सचिव बैठकीला. मी चिडले नाही असं म्हणणार नाही, पण दिवाळीच्या तोंडावर तिथेही कामाची रांग होती.

शुक्रवारी १० तारखेला म्हापशाचा बाजार. मुखवटा तिथूनच आणायचा हे मुलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. दिवाळीआधी गोव्यातल्या शहरांत रस्त्याकडेला नरकासुरांचे मुखवटे टांगलेले असतात, सुळे बाहेर आलेले, डोळे वटारलेले, लाल-काळे-हिरवे. हाताच्या तळव्याएवढ्या चेहऱ्यापासून माणसाच्या छातीएवढ्या डोक्यापर्यंत सगळी मापं. काही फायबरचे होते, दिसायला सुबक, वजनाला हलके. आम्ही कागदाच्या लगद्याचा घेतला. फायबर जळताना जो काळा धूर येतो तो लहान मुलांच्या नाकात जायला नको, असं मला वाटत होतं आणि मुलांनाही ते पटलं. अठराशेवरून चौदाशेला मिळाला. येताना कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. अस्नोड्यापर्यंत सगळी बस त्याच्याशीच बोलत होती. कुठल्या वाड्याचा, किती फुटी, कृष्ण कोण होणार? कितीतरी दिवसांनी मला दिवाळी जवळ आल्यासारखी वाटली.

शरीरासाठी लाकूड नव्हे, बांबू घ्या. आमच्याकडे माणग्याचे बांबू आहेत, आतून जवळजवळ भरीव, वाकतात पण मोडत नाहीत. भाऊंच्या बेटातले मिळाले, बदल्यात मुलांनी ते बेट साफ करून दिलं. खरी वणवण झाली ती गवतासाठी.

नरकासुराच्या पोटात भाताचं तण, म्हणजे पेंढा, भरतात. ऑक्टोबर म्हणजे कापणीचे दिवस, तेव्हा गवताला काय तोटा, असं मला वाटलं होतं. पण आता बहुतेक शेतांत कापणी यंत्राने होते. भाताची जात ज्योती असो की जया, यंत्र दाणा काढून घेतं आणि गवत तोडून शेतात पसरून टाकतं. ते तुकडे ओले होतात, त्यांच्या पेंढ्या बांधता येत नाहीत आणि अंगात भरले तर बसकण मारतात. हवं ते लांब, हाताने कापून झोडलेलं गवत. ते कोणाकडे असेल याचा विचार करताना एका शेतकरी दादांनी सांगितलं की सखल, चिखलाच्या शेतांत यंत्र रुततं, तिथे अजून विळाच चालतो, तिकडे जा. तसंच झालं. नदीच्या अंगाच्या एका शेतात दोन बाया आणि एक म्हातारे गृहस्थ कापणी करत होते. गवत त्यांनी गुरांसाठी राखलेलं. नरकासुर म्हटल्यावर गृहस्थ हसले आणि म्हणाले, "आमचे पोरगे करीत तेव्हा गवत मीच देत होतो." पेंढ्यांचे सहाशे रुपये झाले, टेंपोचे पाचशे. ही चौकशी कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करा, कारण गवत वाळायलाही चार उन्हं लागतात आणि परतीचा पाऊस संध्याकाळी कधी येईल ते सांगता येत नाही.

मंगळवारी १४ तारखेला पोलीस स्टेशन. मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथे काही कामासाठी गेले होते, पोटात गोळा आला होता. भाऊ सोबत होते म्हणून धीर होता. समोरच्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि मोजके प्रश्न विचारले. रस्ता अडणार का? गाड्यांवरून मिरवणार की पायी? दारू पिऊन कोणी आलं तर काय करणार? मोठी माणसं किती? आम्ही पायी, वाड्याच्या आतल्या वाटेने, असं सांगितल्यावर ते म्हणाले, मग हमीपत्र लिहून द्या. त्यात चार गोष्टी: रहदारीला अडथळा होणार नाही, विजेच्या तारांखाली उभा करणार नाही, वर्गणीची सक्ती नाही, जाळल्यावर जागा साफ करू. ध्वनिक्षेपक असता तर त्याची परवानगी वेगळी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देऊ शकतं, पण त्यालाही मर्यादा आहे. निवासी भागात रात्रीची पातळी ४५ डेसिबल. आमच्या कागदावर 'ध्वनिक्षेपक नाही' असं होतं म्हणून त्याची वेगळी परवानगी काढावी लागली नाही. मुलांना हे सांगितलं तेव्हा घुमटाबद्दलची उरलीसुरली कुरकुर थांबली.

तिथेच एक सल्ला मिळाला तो फार मोलाचा. वीज कचेरीत जाऊन या. आमच्या वाटेवर दुकानाजवळ तार बरीच खाली आली आहे. गोव्यात उंच नरकासुर नेताना लोक बांबूने तारा वर उचलतात, ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. ओला बांबू वीज वाहून नेतो. वीज कर्मचारी येऊन बघून गेला. म्हणाला, उंची दहा फुटांवर नेऊ नका आणि दुकानाच्या वळणावर आडवा करून, खांद्यावरून न्या. मुलांना पंधरा फुटी हवा होता. मी दहावर अडून बसले. शेवटी मुकुटासकट दहा फूट ठरलं. मोबाइलमध्ये विजेचा १९१२, अग्निशमनाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक प्रत्येक मोठ्या माणसाने घालून ठेवले. पंचायतीचं पत्र हातात पडलं ते शुक्रवारी १७ तारखेला दुपारी, कचेरी सुट्टीसाठी बंद व्हायच्या थोडंच आधी. त्यामुळे सांगते, सुट्टी जोडून असेल तर दीड-दोन आठवडे आधी अर्ज गेलाच पाहिजे.

बांधणी काकूंच्या खळ्याला लागून असलेल्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, चालली होती. पायांसाठी दोन बांबू, त्यांना आडवा खांद्याचा, मध्ये कणा, खाली चौकट म्हणजे उभा राहील. सगळे सांधे आधी सुंभाने आवळून मग बाइंडिंग वायरने. तार कमीत कमी वापरा, ती नंतर राखेतून वेचावी लागते. पायांना जुन्या विजारी चढवून त्यात गवत ठासलं, पोटाला गोणपाट शिवून. वरून वर्तमानपत्रांचे थर. प्रत्येक घरातून रद्दी आली आणि मुलींनी मैद्याची खळ शिजवली. खळीत थोडा मोरचूद घालतात बुरशी-कीड लागू नये म्हणून, पण तो विषारी असतो. लहान मुलं हाताने चिकटवणार असल्याने आम्ही घातला नाही. चार दिवसांसाठी गरजही नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तो वाळायला रात्र जाते. एका घरातून टेबलफॅन आला, तो रात्रभर नरकासुराच्या छातीवर लावून ठेवला. थर्माकोल, प्लास्टिक, चकाकी काही नाही. केस काथ्याचे, नारळाची सोडणं कुटून काढलेले. दागिने सोनेरी कागदाचे.

शनिवारी धनत्रयोदशीला संध्याकाळी पाऊस आला. मांगराचं छप्पर एका बाजूने गळतं, तिथे ताडपत्री धरून मुलं अर्धा तास उभी होती. कोणी घरी पळालं नाही. सुट्टीला आलेले मुंबई-पुण्याचे पाहुणेही त्यात होते. त्यांतला एक मुलगा सुट्टीत समुद्रावर जायचं म्हणून हट्ट धरून आला होता. तो दोन दिवस मांगरातून हलला नाही, तलवार त्यानेच रंगवली.

कृष्ण कोण, यावर रविवारी सकाळी बैठक झाली. गोव्यात कृष्णाच्या वेशाच्या स्पर्धा असतात, छोटे मुलगे पीतांबर-मुकुट घालून चक्र फिरवतात. दहावीतली आमची हिशोबनीस म्हणाली, भागवतात कृष्ण प्राग्ज्योतिषपुरावर गेला तेव्हा सत्यभामा बरोबर होती, मग आपल्याकडे तिला का वगळायचं? नरकासुर भूदेवीचा मुलगा, त्याच्या बंदीत सोळा हजारांहून जास्त स्त्रिया, हे सगळं तिला पाठ. सगळ्यांना पटलं. तिसरीतला एक मुलगा कृष्ण झाला आणि ती स्वतः धनुष्य घेऊन सत्यभामा. मोठ्या स्पर्धांमध्ये बक्षिसाच्या रकमा वाढल्या तसा राक्षस वाढत गेला आणि कृष्ण कुठेतरी कोपऱ्यात गेला, असं मला मनापासून वाटतं. तिथे राबणाऱ्या कारागिरांची कला मोठी आहे, पण गोष्ट ज्याची आहे तो दिसला पाहिजे.

रविवारी रात्री साडेनऊला मुखवटा चढवला. मानेचा बांबू आधीच गवताने जाड करून ठेवला होता, त्यामुळे डोकं डुलेना. पोटात फटाक्यांच्या दोनच माळा घातल्या, डोक्यात आणि हातांत एकही नाही. उडालेला फटाका बाजूला फेकला जातो, पोटातला आतच फुटतो. हे भाऊंचं सांगणं. मग घुमटं निघाली. वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दारात दोन मिनिटं. आज्या पदराने डोळे पुसत होत्या. एका घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. नरकासुर आडवा करून त्यांच्या खिडकीपर्यंत नेला. त्यांनी मुखवट्याच्या मिशीला हात लावला. दुकानाजवळच्या वळणावर तो खांद्यावर घेतला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. तार डोक्यावरून मागे गेली तेव्हा कुठे सोडला.

रात्र मोठी असते. हा भाग कोणी सांगत नाही. साडेबारानंतर मुलांना काम उरत नाही आणि मग त्यांना गाड्या काढून शहरात जावंसं वाटतं. त्या रात्रीचे अपघात आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. आम्ही खळ्यावर चटया टाकल्या, चहा आणि भजी ठेवली, भाऊंनी जुन्या नरकासुरांच्या गोष्टी सांगितल्या. काही मुलं तिथेच झोपली. दोन मोठी माणसं आळीपाळीने जागी. चहा-भज्यांवर सातशे रुपये गेले, आणि सगळ्या खर्चात मला तो सर्वांत गरजेचा वाटला.

साडेचारला सगळे उठले. आगीची तयारी आदल्या संध्याकाळीच झाली होती. खळ्याच्या मध्यभागी जागा, वर तार नाही, माडाची झावळ नाही, गवताची उडवी लांब. पाण्याच्या बादल्या, भिजवलेली गोणपाटं, वाळूची घमेली. मुलांसाठी चुन्याची रेषा मारली होती, तिच्या आत कोणी यायचं नाही. ओढण्या, नायलॉनचे कुर्ते घरी. पेट्रोल अजिबात आणू दिलं नाही. त्याची वाफ लांबून पेट घेते आणि पेटवणाऱ्यालाच पकडते. कोरड्या गवताला ते लागतही नाही. कृष्णाने चक्र फिरवलं, सत्यभामेने बाण सोडला, आणि भाऊंनी वाऱ्याकडे पाठ करून लांब काठीला बांधलेली झावळीची चूड पायाशी लावली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ज्वाळा मुकुटापर्यंत पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माळा फुटल्या तेव्हा लहान मुलं किंचाळली आणि लगेच टाळ्या वाजवायला लागली. इतक्या दिवसांची मेहनत जळताना बघून एक-दोघांचे डोळे भरले, पण पुन्हा करायचंच असं तेच सर्वांत मोठ्याने म्हणत होते.

पूर्ण विझेपर्यंत आम्ही तिघं थांबलो, बाकी सगळ्यांना घरी पिटाळलं. मी घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. उटणं, तेल, स्नान, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, गोविंदा गोविंदा म्हटलं, सातविणीचा कडू रस घेतला. आणि मग फोव: दुधातले, दह्यातले, रोसातले म्हणजे नारळाच्या दुधातले, गूळ-खोबऱ्याचे, फोडणीचे, सोबत वाटाण्याची उसळ. रात्रभर जागलेली मुलं या घरातून त्या घरात फोव खात फिरत होती. सूर्य वर आला तेव्हा वाड्यावरचं एकही दार बंद नव्हतं.

नऊ वाजता सगळे परत खळ्यावर. राख गार झाल्यावर ती गोणीत भरली. भाऊंकडे जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक होतं, ते दोरीला बांधून खळ्यावर फिरवलं. खिळे आणि तारेचे तुकडे त्याला चिकटून निघाले. हातानेच वेचले असते तर बरेच राहून गेले असते, आणि पुढे ते गुरांच्या खुरात नाहीतर दुचाकीच्या टायरात गेले असते. तार-खिळे भंगारवाल्याच्या डब्यात, राख माडांच्या मुळाशी. खळं झाडून, शेणाने सारवून काकूंच्या ताब्यात दिलं. त्यांनी मुलांना पुन्हा फोव खायला बसवलं.

वहीतला हिशोब असा. मुखवटा १,४००, गवत ६००, टेंपो ५००, रंग आणि ब्रश ६२०, तार-खिळे-सुंभ ३८०, रंगीत कागद ३४०, गोणपाट २००, फटाक्यांच्या माळा ४५०, चहा-भजी ७००, झेरॉक्स वगैरे ६०. एकूण ५,२५०. जमा झाले ६,३००. उरलेले १,०५० मुलांनी वाटून घेतले नाहीत. त्यातून दोन लोखंडी बादल्या घ्यायचं ठरलं, कारण या वेळच्या बादल्या घराघरांतून मागून आणलेल्या होत्या. हिशोबाचं पान देवळाच्या फलकावर लावलं आहे.

२०२६ मध्ये नरक चतुर्दशी रविवारी ८ नोव्हेंबरला येते, म्हणजे नरकासुराची रात्र शनिवारची. पंचायतीचा अर्ज २३ ऑक्टोबरच्या आत जायला हवा, पोलिसांचा त्याच आठवड्यात. अर्जाचा आणि हमीपत्राचा मसुदा वहीच्या पहिल्या दोन पानांवर उतरवून ठेवला आहे, तारखा तेवढ्या बदलायच्या. वही आता नववीतल्या मुलाकडे गेली आहे, आणि गवतासाठी त्या नदीकाठच्या गृहस्थांना आम्ही आत्ताच सांगून ठेवलं आहे.